रिसेप्शनला डीजे ठरवताना आधी घड्याळ बघा

प्रश्न: डिसेंबरमध्ये बहिणीचं लग्न आहे. रिसेप्शन पुण्यात लॉनवर, संध्याकाळी सातपासून, पाहुणे साधारण चारशे. डीजेचे तीन दर आलेत: १८ हजार, ३५ हजार आणि ७० हजार. तिघेही 'सगळं येईल' म्हणतात. वडिलांना गोंगाट नको. बहिणीच्या सासरची मंडळी नागपूरची, त्यांना आणि आमच्या मित्रमंडळींना नाचायचंय. एक मित्र म्हणतो, लॉनच्या स्पीकरला लॅपटॉप जोडतो, डीजे हवाच कशाला? कुणाला ठरवावं, काय विचारावं?

उत्तर:

तिन्ही दर तूर्त बाजूला ठेवा. आधी कागदावर संध्याकाळचे तीन तास मांडा, सात ते दहा. लॉन ही उघडी जागा, आणि उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर वाजवायचा नाही, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. बारापर्यंतची सवलत सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतं, तीही सण-उत्सवांच्या ठरावीक दिवसांसाठी. त्यात तुमच्या बहिणीचं रिसेप्शन बसत नाही. 'पोलिसांत ओळख आहे, अकरापर्यंत चालवू' असं जो डीजे सांगतो, त्याची ओळख पलीकडच्या सोसायटीत तान्हं बाळ घेऊन बसलेल्या घराशी नसते. ११२ ला फोन तिथून जातो.

आता त्या तीन तासांत प्रत्यक्ष काय होतं ते लिहा. पत्रिकेत सात छापलं की पाहुणे साडेसातला येतात आणि नवरा-नवरी पावणेआठला स्टेजवर चढतात, कारण पार्लरचं घड्याळ वेगळं चालतं. मग रांग लागते. चारशे माणसं म्हणजे चार-चारचे शंभर गट धरा. स्टेजवर चढणं, पाकीट, नमस्कार, 'इकडे बघा' आणि फोटो याला गटामागे पाऊण मिनिट लागतं. झाले पंचाहत्तर मिनिटं. नऊ वाजले. त्यानंतर दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांचे राहिलेले फोटो. नाचायला जागा मोकळी होते तेव्हा सव्वानऊ होत आलेले असतात.

म्हणजे तुम्ही जो डीजे ठरवताय तो नाचवणार जेमतेम चाळीस मिनिटं. उरलेला सगळा वेळ त्याला लोकांच्या गप्पांना धक्का न लावता वाजवायचंय. बहुतेक यजमान त्या चाळीस मिनिटांसाठी स्पीकर मोजतात आणि आधीच्या सव्वादोन तासांबद्दल काहीच विचारत नाहीत. रिसेप्शन बिघडतं ते त्या सव्वादोन तासांत. आजोबांना व्याह्यांचं बोलणं ऐकू येत नाही, जेवणाच्या टेबलावर माणसं एकमेकांच्या कानात ओरडतात, आणि तुमच्या वडिलांचं 'गोंगाट नको' हे म्हणणं खरं ठरतं. म्हणून तिघांनाही पहिला प्रश्न हाच टाका: 'सात ते नऊ काय वाजवाल आणि किती आवाजात?' 'काय पण लावू साहेब, तुम्ही सांगाल ते' असं उत्तर आलं तर तो माणूस सामान भाड्याने देणारा आहे. ते वाईट नाही, पण मग दर सामानाचाच द्यावा.

नाच जास्त हवा असेल तर स्पीकर वाढवून तो वाढत नाही, क्रम बदलून वाढतो. स्टेजवर येताना एंट्री, लगेच नवरा-नवरीचा नाच, त्यालाच जोडून वीस मिनिटं सगळ्यांसाठी फ्लोअर मोकळा, आणि मग रांग. तोवर लवकर येणारी ज्येष्ठ मंडळी जेवायला बसवायची. ऑफिसचे लोक पाच-पाचने न येता एकदम वीस जणांचा फोटो काढतील असं बघायचं. नागपूरची मंडळी आदल्या दिवशीच येणार असतील तर 'संगीत'चा कार्यक्रम बंदिस्त हॉलमध्ये ठेवा आणि मनसोक्त नाच तिथे उरकून घ्या. बंदिस्त हॉलमध्ये आतल्या आत वाजवायला दहाची अट तशीच लागू होत नाही, फक्त आवाज बाहेर गेला तर मर्यादा तिथेही आहेच. ज्यांना वरातीत धुमालवर, म्हणजे तिकडच्या वाजंत्री पथकावर, दोन-दोन तास नाचायची सवय आहे, त्यांना लॉनवरची चाळीस मिनिटं अपुरीच वाटणार. हे व्याह्यांना आधीच सांगितलेलं बरं. दहा वाजता बंद करताना सांगायची वेळ आली की रुसवेफुगवे होतात.

मित्राच्या लॅपटॉपबद्दल. नाच अजिबात नसता तर मी त्याचीच बाजू घेतली असती. दीडशे माणसांच्या घरगुती रिसेप्शनला डीजे लागत नाही. बरे स्पीकर, दोन माइक आणि ते सांभाळणारा एक समजूतदार माणूस पुरतो. पण चारशे माणसं आणि नाच असेल तर लॉनचे खांबावरचे स्पीकर उपयोगाचे नाहीत. ते 'एमएच बारा अमुक अमुक गाडी काढावी' हे सांगण्यासाठी बसवलेले असतात, त्यांना खालचा सूर नसतो. शिवाय लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं असतं, त्याची टिंग चारशे लोकांना ऐकू येते, आणि भर गाण्यात नेट अडकतं किंवा जाहिरात लागते. आणि मित्र जेवत नाही, फोटोत येत नाही, शेवटी वैतागतो.

आता दरांकडे येऊ. माझ्या अंदाजाने १८ हजारवाला दोन टॉप (गाणं आणि शब्द ऐकवणारे स्पीकर), दोन बेस (धमक देणारे मोठे स्पीकर), गाणी मिसळायचा एक कंट्रोलर, चार एलईडी पार (रंगीत दिवे) आणि एक मुलगा पाठवेल. ३५ हजारांत टॉप चार होतील, बेस दोन किंवा चार, डीजेबरोबर एक मदतनीस, ट्रसवर (धातूच्या चौकटीवर) फिरते लाईट, दोन कॉर्डलेस माइक. ७० हजारांत एलईडी वॉल, उजळणारा फ्लोअर, थंड आतषबाजी, जमिनीलगतचा धूर. पण ७० हजारांच्या दरात आवाज बऱ्याचदा ३५ हजारांचाच असतो, वरचे पैसे डोळ्यांसाठी. तिघांकडूनही दर चार भागांत फोडून मागा: आवाज, लाईट, माणूस, वाहतूक. फोडून द्यायला जो कुरकुरतो त्याला त्याचं सामान दुसऱ्याकडून भाड्याने आणायचं असतं आणि अजून भाव ठरलेला नसतो.

वॅटवर जाऊ नका. 'दहा हजार वॅट' हा आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, सलग चालणाऱ्या ताकदीचा नसतो. तो खरा धरला तरी ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. त्याउलट उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. या दोन आकड्यांत लॉनवरच्या आवाजाचं जवळजवळ सगळं शास्त्र आलं. स्टेजजवळ दोन मोठे स्पीकर ठेवून शेवटच्या टेबलापर्यंत आवाज पोचवायचा म्हटलं की पुढच्या रांगेचे कान फुटतात. तेच चार लहान स्पीकर जागोजागी कमी आवाजात ठेवले तर सगळीकडे सारखं ऐकू येतं आणि बोलताही येतं. सतरा मीटर पुढचा स्पीकर पन्नास मिलिसेकंद उशिराने सोडावा लागतो, नाहीतर भाषणाचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे सेटिंग मिक्सरवर किंवा स्पीकरमध्येच असतं. 'डिले लावणार का?' एवढं विचारून बघा. चेहऱ्यावरून कळेल.

शेजाऱ्यांचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि लाउडस्पीकरमुळे जागेच्या हद्दीवर त्याहून दहापेक्षा जास्त भर पडता कामा नये. म्हणजे लॉनच्या कुंपणाशी ६५. आता समजा स्पीकरपासून पाच मीटरवरच्या फ्लोअरला ९५ मिळतात. दहा मीटरवर ८९, वीसवर ८३, चाळीसवर ७७. कुंपणाची मर्यादा केव्हाच ओलांडली. तेच स्पीकर फ्लोअरच्या अगदी जवळ, तीन मीटरवर आणले आणि तिथे ९० ठेवले, तर सहावर ८४, बारावर ७८, चोवीसवर ७२ आणि अठ्ठेचाळीस मीटरवर ६६. नाचणाऱ्याला ९० भरपूर होतात. मैफिली आणि क्लबसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवलेली कमाल मर्यादासुद्धा शंभरची आहे, आणि तिथे लहान मुलं आणि श्रवणयंत्र लावलेल्या आजी नसतात. तेव्हा फ्लोअर स्टेजच्या समोर कुठेतरी दूर न करता स्पीकरच्या कुशीत करा आणि स्पीकरची तोंडं सोसायटीकडे पाठ करून लावा. म्हात्रे पुलाकडून राजाराम पुलाकडे जाणाऱ्या डीपी रस्त्यावर लॉन्स आणि घरं किती जवळ आहेत हे पुणेकरांना सांगायला नको. जवळ इस्पितळ किंवा शाळा असून ते घोषित शांतता क्षेत्र असेल तर शंभर मीटरपर्यंत नियम आणखी कडक होतात, ते लॉनवाल्याला आधीच विचारा.

तक्रार येते ती बहुतेक वेळा बेसची. गाण्याचे शब्द भिंतीत अडतात, धमक अडत नाही. ती दिशाही पाळत नाही, त्यामुळे नुसती तोंडं फिरवून बेस आटोक्यात येत नाही, आवाजच उतरवावा लागतो. दोन बेस कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवले की आणखी घुमतात. बेस भिंतीपासून सुटे, जेवणाच्या टेबलांपासून लांब, आणि साडेनऊनंतर थोडे खाली. शेवटच्या अर्ध्या तासात बेस कमी करून गाणी जास्त ओळखीची लावली तर नाच मुळीच कमी होत नाही, हे मी कितीतरी लॉन्सवर पाहिलंय. लोक तोपर्यंत गाण्यावर नाचत असतात, धमकेवर नाही.

माइकबद्दल कुणीच विचारत नाही, आणि मराठी रिसेप्शनमध्ये माइकच सगळ्यात जास्त लागतो. नावं पुकारायला, काकांच्या चार शब्दांना, आणि उखाण्याला. उखाणा हा डीजेच्या परीक्षेचा क्षण आहे. मुलीच्या हातात माइक जाताच पाठीमागचं संगीत पूर्ण बंद झालं पाहिजे, 'हळू' नव्हे. तिने नाव घेतलं की टाळ्यांआधी अर्धा सेकंद थांबून मग सूर उचलायचा. नवशिके डीजे उखाण्याच्या मध्येच ढोलकीचा आवाज टाकतात आणि नवऱ्याचं नावच कुणाला ऐकू येत नाही. दोन कॉर्डलेस यूएचएफ माइक मागा, नव्या सेलसकट, आणि एक वायरचा माइक राखीव. यूएचएफ म्हणजे माइकच्या वेगळ्या रेडिओ लहरी; काही स्वस्त कॉर्डलेस माइक वायफायच्याच लहरींवर चालतात. चारशे मोबाइल असलेल्या लॉनवर ते तुटक बोलतात. स्टेज स्पीकरच्या पुढे आला तर माइक शिट्टी मारणार. बोलणाऱ्याने माइकची जाळी मुठीत धरली तरी मारणार. डीजेने माइक देताना 'दांड्याला धरा, तोंडाजवळ ठेवा' एवढं सांगायला हवं. टकटक करून 'हॅलो, चेक' म्हणणारे काका प्रत्येक लग्नात असतात, त्यांना कुणी थांबवू शकत नाही.

पुकारायच्या नावांची यादी मोठ्या अक्षरांत छापून द्या, नाती लिहून. नागपूरकडची आडनावं पुण्याच्या पोराच्या तोंडात पटकन बसत नाहीत, आणि व्याह्यांचं आडनाव चुकलं की ते वर्षभर ऐकावं लागतं.

गाण्यांच्या यादीचं मी उलटं सांगतो: हवी असलेली दहा द्या आणि नको असलेली सगळी द्या. हव्या असलेल्या साठ गाण्यांची यादी दिली की डीजेचे हात बांधले जातात. फ्लोअर रिकामा होत असला तरी तो तुमचं एकेचाळिसावं गाणं लावत बसतो. 'नको'ची यादी मात्र नीट विचार करून करा. आजीसमोर नको अशी द्वयर्थी गाणी त्यात येतातच. पण खरा धोका वाद्यसंगीतात असतो. बासरी, सॅक्सोफोन, गिटारवर वाजवलेल्या 'शांत' गाण्यांच्या तयार याद्यांत निम्मी गाणी विरहाची असतात. शब्द नाहीत म्हणून तरुण डीजेला कळत नाही. पन्नाशीच्या वरच्या प्रत्येक माणसाला शब्द पाठ असतात, आणि नवरी पाहुण्यांकडून पाकीट घेत असताना मागे 'तू गेलीस, आता जगून काय करू' अशा अर्थाचं काहीतरी वाजत असतं. ती यादी घरातल्या एखाद्या आत्याला ऐकवा, ती दहा मिनिटांत गाळून देईल.

सुरुवातीला सनई हवी असेल तर अवश्य ठेवा, बिस्मिल्ला खाँ यांच्या ध्वनिमुद्रणांना कुणाचीच हरकत नसते. फक्त डीजेकडे सोडू नका. संध्याकाळी सात वाजता भैरव किंवा तोडी लागली तर पुण्यातल्या रिसेप्शनमध्ये निदान चार माणसं एकमेकांकडे बघतात. यमन, पूरिया धनाश्री, असं काही स्वतः निवडून पेनड्राइव्हवर द्या. सुगम संगीताचा जिवंत कार्यक्रम ठेवावा का, असं पुष्कळ जण विचारतात. मी सहसा नको म्हणतो. लोक जेवत असतात, गाणारा एका सुंदर जागेवर थांबतो आणि समोरून पनीर संपल्याची हाक ऐकू येते. कलाकाराला ते लागतं.

नाचाच्या वेळी डीजेचं कौशल्य कुठे दिसतं, ते सांगतो. बहुतेक कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांच्या चालीचा असतो, तर पंजाबी आणि हिंदी नाचगाणी चार मात्रांची. चारवरून चारवर जाणं सॉफ्टवेअर स्वतःच जुळवतं, सिंकचं बटण दाबलं की झालं. सहावरून चारवर जाताना ते बटण गोंधळतं आणि फ्लोअरवरचे पाय अडखळतात. जाणता माणूस तिथे गाणी एकमेकांत मिसळायला जात नाही. ढोलकीच्या एखाद्या तोड्यावर पहिलं गाणं तोडतो, क्षणभर शांतता ठेवतो आणि दुसरं थेट ओळखीच्या मुखड्यापासून सुरू करतो. 'कोळीगीतावरून भांगड्यावर कसे जाता?' हा प्रश्न तिघांनाही विचारा. आणि इन्स्टाग्रामवरचे रील बघून ठरवू नका. पंधरा सेकंदांत प्रत्येक फ्लोअर भरलेलाच दिसतो. मोसमात रोज कार्यक्रम असतात, एखाद्या लॉनच्या दाराशी वीस मिनिटं उभं राहून ऐका. आत जायची गरज नाही. बाहेर बोलणं ऐकू येतंय का, गाणी बदलताना आतून ओरडा येतो की शांतता, एवढं पुरेसं आहे.

दुसरा प्रश्न: 'तुम्ही स्वतः येणार का?' तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त मोजके असतात, एकाच तारखेला एकेका डीजेकडे तीन-तीन कामं येतात. नाव एकाचं, येतो दुसराच. येणारा वाईटच असतो असं नाही, पण मग त्यालाच आधी भेटा. विसार देताना कागदावर त्या माणसाचं नाव लिहून घ्या.

नवरा-नवरीच्या नाचाचं गाणं नृत्य बसवणाऱ्याने कापून-जोडून दिलेलं असेल तर ती फाइल दोन दिवस आधी डीजेला द्या आणि तुमच्या पेनड्राइव्हवरही ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच झाली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलला 'फायनल २ नवीन' असं नाव न देता बहिणीचं नाव द्या, कारण त्याच आठवड्यात त्याच्याकडे दहा 'फायनल' आलेले असतात. यूट्यूबची लिंक देऊ नका. लॉनवर नेट मिळेलच असं नाही, आणि तिथून उतरवलेला आवाज मोठ्या स्पीकरवर पत्र्यासारखा लागतो.

लाईटबाबत फोटोग्राफरला आणि डीजेला एकमेकांचे नंबर द्या, भांडण टळेल. लेझरला मी साफ नकार देतो. किरण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडला तर सेन्सर जळू शकतो, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट, आणि म्हणूनच मिरवणुकांतल्या लेझरवर पोलिस बंदीचे आदेश काढतात. फिरते लाईट फ्लोअरपुरते ठेवा. स्टेजवर आले तर सगळ्या नातेवाइकांचे चेहरे फोटोत जांभळे येतात. थंड आतषबाजी नावाला थंड असते. धातूचे तापलेले कण वर उडतात, त्यामुळे मांडवाच्या कापडाखाली आणि फुलांच्या कमानीशेजारी नको. सुक्या बर्फाचा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो जमिनीलगत राहतो. लॉनवर चालून जातं, पण पाहुण्यांची रांगणारी पोरं तिथे सोडू नका. व्हिडिओवाल्याला मिक्सरमधून थेट आवाजाची एक वायर द्यायला सांगा, म्हणजे भाषणं आणि उखाणे कॅसेटच्या काळातल्यासारखे घुमत ऐकावे लागणार नाहीत.

वीज. आवाजाला वेगळा फेज मागा, मांडवाच्या झुंबरांना आणि केटररच्या हीटरना जोडलेला नको, नाहीतर स्पीकरमधून सतत 'हुंऽऽ' येत राहतं. अर्थिंग लॉनवाल्याने दाखवावं. लाइट गेल्यावर जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो, डिझेल कुणाचं, आणि बाहेरचा डीजे आणला तर लॉनवाला त्याचे वेगळे पैसे लावतो का, हे तिन्ही आत्ताच विचारा. काही लॉन्स तो आकार बिलात शेवटी घालतात. डिसेंबर असला तरी अवकाळीचा भरवसा नाही, कन्सोलवर छत आणि वायरींखाली लाकडी फळ्या असाव्यात. आणि त्याच लॉनवर सकाळी दुसऱ्यांचं लग्न असेल तर ते आवरून सामान लावायला किती तास उरतात तेही बघा. साउंडची तपासणी पाहुणे यायच्या आधी, सहापर्यंत झाली पाहिजे. पाहुण्यांसमोर 'चेक, वन टू' नको.

गाण्यांच्या लायसनचा प्रश्न लॉनवर क्वचित निघतो, पण हॉटेलमध्ये संगीत ठेवलंत तर नक्की निघेल. बँक्वेट मॅनेजर पीपीएल, आयपीआरएस किंवा नोव्हेक्स या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा परवाना मागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात गाणी वाजवण्याला सूट आहे, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित इतर सामाजिक समारंभही धरले आहेत. केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्याच धर्तीवर काढलेलं परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केलं. कायद्यातलं कलम जागेवर आहे, वाद त्याच्या अर्थावरून चालू असतो. हॉटेलवाल्याला वादात पडायचं नसतं, त्यामुळे तो संगीत सुरू होण्याआधी कागद मागतो. म्हणून हॉल ठरवतानाच 'लायसन लागेल का आणि ते कोण काढणार' हे ईमेलवर लिहून घ्या. हळदीच्या दिवशी संध्याकाळी हा वाद घालण्यात अर्थ नाही.

लाउडस्पीकरची परवानगी वेगळी, ती पोलिस ठाण्यातून लेखी घ्यावी लागते. काही लॉनवाले स्वतः काढतात, काही 'डीजेवाला काढतो' म्हणतात, आणि डीजेवाला 'लॉनवाला काढतो' म्हणतो. तुमच्या हातात तिची झेरॉक्स आली म्हणजेच ती निघाली असं समजा.

फर्माइशींसाठी दोन्हीकडून एकेक माणूस नेमा आणि डीजेला सांगा, या दोघांव्यतिरिक्त कुणाचं ऐकायचं नाही. नागपूरकडून नवऱ्याचा धाकटा भाऊ असेल तर उत्तम, तुमच्याकडून तुम्ही नको. तुम्हाला त्या दिवशी केटररच बोलावत असेल, म्हणून एखादा मावसभाऊ नेमा. डीजेच्या पोरांची जेवणाची ताटं केटररला मोजून सांगा आणि त्यांना आठच्या सुमारास आळीपाळीने जेवू द्या. सामान आवरता आवरता त्यांना अकरा वाजतात आणि तोवर भांडी धुतलेली असतात. उपाशी माणसाच्या हातात तुमच्या बहिणीचं शेवटचं गाणं देऊ नका.

तर तिघांतला कोण? तुमच्या वर्णनावरून मी ३५ हजारवाल्याकडे जाईन, पण त्याच्याशी बोलून चारऐवजी दोनच बेस घ्यायला सांगेन, लाईट निम्मे करीन, आणि वाचलेल्या पैशांत मागच्या टेबलांसाठी दोन लहान स्पीकर आणि एक जास्तीचा माइक घेईन. १८ हजारवाला मुलगा तुम्हाला बोलण्यात हुशार वाटला आणि नाचाचा मुख्य कार्यक्रम आदल्या दिवशी संगीतात होणार असेल, तर तोही चालेल, फक्त माइक चांगले आणायला लावा. ७० हजारवाला बहिणीला उजळणारा फ्लोअर हवाच असेल तरच. विसार म्हणून पाव ते तिसरा हिस्सा द्या, उरलेले पैसे सामान लागून तपासणी झाल्यावर आणि शेवट झाल्यावर असे दोन भागांत. बिल हवं असेल तर दर जीएसटी धरून आहे का तेही आत्ताच विचारा. आणि कागदावर शेवटची वेळ दहा न लिहिता नऊ पंचावन्न लिहा, कारण 'फक्त एक शेवटचं' हे गाणं पाच मिनिटांचं असतं.